साबणाचं पाणी आणि माशाचं आतडं

जंतुनाशक साबणाने हातावरचे जंतू मरतात, तर तेच पाणी गटारातून ओढ्यात गेल्यावर तिथले मासे का मरत नाहीत? आणि मरत नसतील, तर एवढं काय बिघडलं? पोरं हे सरळ विचारतात. मोठी माणसं जरा आडवळणाने विचारतात: "नाल्याच्या खालच्या अंगाला धरलेला मासा खायला चालेल ना हो?"

पिरनवाडीसारख्या गावात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. बेळगाव-खानापूर रस्त्यावरचं हे गाव, एका अंगाला उद्यमबागेतले कारखाने, दुसऱ्या अंगाला मच्छे. शेतं होती तिथे प्लॉट पडले, घरं झाली. प्रत्येक घराला न्हाणी आली आणि न्हाणीला गटार आलं. पलीकडे बेळगाव शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून मार्कंडेय नदीकडे जातं. मार्कंडेय घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. पावसाळ्यात नाला फुगून भाताच्या शिवारात शिरला की शेतकरी निवेदनं घेऊन कचेरीत जातात. पीक बुडालेलं डोळ्यांना दिसतं, म्हणून त्यावर बोलता तरी येतं. त्याच पाण्यातून माशाच्या पोटात काय जातं, ते मात्र दिसत नाही. या प्रकरणात तेवढंच पाहायचं आहे.

1. मेलेले मासे आणि न मेलेले मासे

आधी एक गल्लत दूर करू. निपाणीच्या पलीकडे, शिरोळ तालुक्यात पंचगंगेवर तेरवाडचा बंधारा आहे. तिथे मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. असे मासे बहुतेक वेळा गुदमरून मरतात. सांडपाण्यातली आणि कारखान्यांच्या पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि काही तासांत पालथे पडतात. त्याची बातमी होते, पंचनामा होतो, नोटीस निघते.

आपला विषय आहे तो न मेलेल्या माशांचा. पाण्यात जंतुनाशक रसायन इतकं कमी असतं की मासा पोहतो, खातो, अंडी घालतो, बाजारात येतो तेव्हा त्याचे कल्लेही लालभडक असतात. मासे घेताना आपण कल्ला उचलून बघतो, बोटाने दाबून बघतो. या कसोटीवर तो पास होतो. फरक पडलेला असतो तो आत.

2. आत राहतं कोण?

रोहू साफ करून घेताना एकदा नीट बघा. पोट फाडल्यावर हाताला येतो तो आतड्याचा गुंता, वेटोळ्यावर वेटोळी, माशाच्या लांबीच्या कित्येक पट. जठराची पिशवी मात्र शोधून सापडायची नाही, कारण रोहू, कटला, मृगळ या कुळातल्या माशांना जठर नसतंच. आपल्या पोटात अन्नाबरोबर गेलेले पुष्कळ जिवाणू जठरातल्या आम्लात मरतात. या माशांत ती आम्लाची पायरीच नाही. पाण्यातून, शेवाळातून, गाळातून तोंडात गेलेलं थेट आतड्यात पोचतं.

त्या आतड्यात जिवाणूंची भरगच्च वस्ती असते. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाचं आतडं कोरं असतं. तोंड उघडतं, पाणी आत जातं आणि वस्ती बसू लागते. पुढे अन्न पचवणं, आतड्याचं अस्तर नीट वाढवणं, रोगजंतूंना जागा न देणं ही कामं हे भाडेकरू करतात. सिटोबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू तर बी-12 जीवनसत्त्व तयार करतो. कार्प आणि तिलापिया (आपल्याकडची चिलापी) यांच्या आतड्यातच हे जीवनसत्त्व तयार होत असल्यामुळे त्यांना ते खाद्यातून वेगळं द्यावं लागत नाही.

जिवाणूंशिवाय मासा वाढवला तर काय होतं, हेही पाहून झालंय. जॉन रॉल्स आणि जेफ्री गॉर्डन यांनी अमेरिकेत 2004 मध्ये झेब्राफिश पूर्ण निर्जंतुक पाण्यात वाढवले आणि साध्या माशांशी ताडून पाहिले. जिवाणू असण्या-नसण्याने माशाच्या पचनसंस्थेतल्या दोनशेहून अधिक जनुकांचं काम बदलत होतं. हा झेब्राफिश परदेशी प्रयोगशाळांचा लाडका असला तरी मूळचा आपल्याकडचा. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळ्या पट्ट्या असलेला हा ओढ्यातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं ते कोसी नदीतल्या माशांवरून. भाताच्या खाचरांतून आणि संथ ओढ्यांतून राहणाऱ्या या माशाला आपण कधी नावाने ओळखलं नाही, हा भाग वेगळा.

3. जंतू मरतो, मासा का मरत नाही?

आता रसायनाकडे येऊ. जंतुनाशकं पुष्कळ आहेत, पण माशांच्या बाबतीत बारकाईने तपासलं गेलेलं एक म्हणजे ट्रायक्लोसॅन. 1960 च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या कंपनीने ते तयार केलं. 1970 च्या दशकात शस्त्रक्रियेआधी हात धुण्याच्या द्रावणात ते आलं आणि मग दवाखान्यातून बाहेर पडून साबण, टूथपेस्ट, दुर्गंधीनाशक, पायमोजे, भाजी चिरायचे प्लॅस्टिकचे पाट अशा कुठल्या कुठल्या वस्तूंत जाऊन बसलं. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या वस्तूचं पायमोज्यात काय काम, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

बरीच वर्षं समजूत अशी होती की ट्रायक्लोसॅन जिवाणूचं बाहेरचं आवरण सरसकट फाडतं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध जिवाणूला काही करताच येणार नाही. 1998 मध्ये बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात स्टुअर्ट लेव्ही यांच्या गटाने ही समजूत मोडली. कमी मात्रेत ट्रायक्लोसॅन नेमक्या एका ठिकाणी अडकतं. जिवाणूला आपलं आवरण बांधायला चरबीचे लांब रेणू लागतात. ते जोडणाऱ्या यंत्रणेत शेवटची पायरी करणारं एक विकर असतं, त्याचं नाव फॅब-आय. ट्रायक्लोसॅन त्यात घट्ट रुतून बसतं आणि आवरणाचं बांधकाम थांबतं.

माशाच्या, आणि तुमच्या-माझ्या, शरीरात चरबी बांधणारी यंत्रणा वेगळ्या घडणीची आहे. म्हणून ज्या मात्रेत जिवाणू आडवा होतो त्या मात्रेत मासा हलत नाही. मात्रा वाढवली तर मासाही सुटत नाही. कॅलिफोर्नियात 2012 मध्ये झालेल्या प्रयोगात ट्रायक्लोसॅनच्या पाण्यात ठेवलेल्या छोट्या माशांचं पोहणं मंदावलेलं दिसलं. पण ती पुढची पायरी झाली.

आता खरी गंमत. सगळ्या जिवाणूंकडे फॅब-आय नसतं. स्यूडोमोनास नावाच्या कुळात अनेकांकडे त्याच कामाचं दुसरं विकर आहे, फॅब-व्ही. ट्रायक्लोसॅनला ते जुमानत नाही. म्हणजे एकाच आतड्यात शेजारी-शेजारी राहणारे दोन जिवाणू. तेच पाणी आलं, एक गेला, दुसरा तसाच राहिला. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

4. थोडं म्हणजे किती?

नाल्यातल्या पाण्यात असं रसायन मोजतात नॅनोग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. एवढ्याने काय होणार, असं वाटतं खरं. तेव्हा हिशेबच करू.

एक हेक्टरचं तळं घ्या, म्हणजे अडीच एकर. खोली सरासरी एक मीटर. त्यात पाणी मावतं एक कोटी लिटर. या तळ्यात एक ग्रॅम ट्रायक्लोसॅन टाकून नीट मिसळलं, तर दर लिटरला 100 नॅनोग्रॅम झाले. आता हा एक ग्रॅम येतो कुठून? टूथपेस्टमध्ये ट्रायक्लोसॅन असेल तर ते साधारण 0.3 टक्के असतं. एका वेळी एक ग्रॅम पेस्ट घेतली तर त्यात 3 मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम भरायला 333 वेळा दात घासायला हवेत. दिवसातून दोनदा घासणाऱ्या एका माणसाला साडेपाच महिने लागतील, आणि वीस माणसांच्या वाड्याला आठवड्याहून थोडं जास्त.

सगळंच्या सगळं तळ्यात पोचतं असं नाही. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प नीट चालत असेल तर पाण्यातलं बरंचसं ट्रायक्लोसॅन तिथे निघून जातं. थोडं जिवाणू फोडतात, थोडं गाळाला चिकटतं. पण न्हाणीचं पाणी गटारातून थेट नाल्यात जात असेल तर ही चाळणी मध्ये येतच नाही. तमिळनाडूतल्या कावेरी, वेल्लार आणि ताम्रपर्णी नद्यांत 2011 च्या एका अभ्यासाने ट्रायक्लोसॅन मोजलं. ताम्रपर्णीत सगळ्यात जास्त सापडलं, लिटरला 5,000 नॅनोग्रॅमच्या पुढे. आपल्या काल्पनिक तळ्याच्या पन्नासपट!

5. पित्ताची पिशवी

रसायन आतड्यात जातं कोणत्या वाटेने? गोड्या पाण्यातला मासा पाणी फारसं पीत नाही. खाद्याबरोबर आणि गाळाबरोबर जातं तेवढं जातंच, आणि ट्रायक्लोसॅनला पाण्यापेक्षा गाळ आणि चरबी जास्त प्रिय असल्यामुळे तळाशी चरणाऱ्या मृगळाच्या वाट्याला ते अधिक येण्याची शक्यता असते. पण मोठी वाट कल्ल्यांची आहे. श्वासाबरोबर कल्ल्यांवरून सतत पाणी वाहतं आणि रसायन रक्तात शिरतं. मग आतड्यातल्या जिवाणूंशी त्याची गाठ पडते कशी?

उत्तर मासे साफ करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी. काळपट हिरवी, करंगळीच्या टोकाएवढी ती पिशवी. ती फुटली तर अख्खी आमटी कडू होते, म्हणून जपून काढायची. यकृत रक्तातलं नको असलेलं रसायन पकडतं, त्याला साखरेचा एक रेणू जोडून निरुपद्रवी करतं आणि पित्तात टाकतं. पित्त उतरतं आतड्यात. स्वीडनमध्ये 2002 साली शहरी सांडपाण्याच्या संपर्कात आलेल्या माशांच्या पित्तात ट्रायक्लोसॅन सापडलं. कल्ल्यांतून आत आलेलं रसायन असा फेरा मारून आतड्यात येतं. त्यापुढची गोष्ट 2022 मध्ये उंदरांच्या अभ्यासातून कळली: आतड्यातले काही जिवाणू तो जोडलेला साखरेचा रेणू आपल्या विकराने तोडून खातात आणि यकृताने निकामी केलेलं ट्रायक्लोसॅन पुन्हा मोकळं होतं.

6. सात दिवस बिघाड, दोन आठवडे सुधारणा

2016 मध्ये ऑरेगॉन स्टेट विद्यापीठात ख्रिस्तोफर गॉल्की, थॉमस शार्प्टन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या झेब्राफिशना ट्रायक्लोसॅन मिसळलेलं खाद्य दिलं. काहींना चार दिवस, काहींना सात. मग आतड्यातल्या जिवाणूंची जनुकं वाचून कोण कोण उरलं ते मोजलं. इतक्या थोड्या दिवसांत वस्ती बदललेली होती. ई. कोलाय ज्या कुळातला, त्या एंटरोबॅक्टेरिएसी कुळाला सगळ्यात मोठा फटका बसला. टिकून राहिलं कोण? स्यूडोमोनास. फॅब-व्ही आठवा.

भाताचा वाफा डोळ्यांसमोर आणला तर हे लगेच उमगेल. लावण दाट असेल तर तणाला डोकं वर काढायला जागा मिळत नाही. मधली रोपं गेली की ती जागा मोकळी राहत नाही. आधीपासून कडेला दबून असलेलं, चिवट असं काहीतरी तिथे फोफावतं. लांबून बघणाऱ्याला वाफा हिरवाच दिसतो. माशाच्या आतड्यातही जिवाणूंची एकूण गर्दी फारशी कमी न होता कोण राहतं ते बदलू शकतं, आणि बदललेल्या भाडेकरूंकडून आधीच्यांचं काम होईलच याची हमी नसते. म्हणून "जंतू मेले किती" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. "उरले कोण" हे विचारायला हवं.

दुसरा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यातली मात्रा नदी-नाल्यातली आहे. कोलोराडो विद्यापीठातल्या एड्रिएन नॅरो आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये तो प्रसिद्ध केला. फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशाची पिल्लं त्यांनी सात दिवस ट्रायक्लोसॅनच्या पाण्यात ठेवली. मात्रा होत्या लिटरला 100 आणि 1,000 नॅनोग्रॅम. यातली पहिली म्हणजे आपल्या एक ग्रॅमवाल्या तळ्याची! सात दिवसांनी आतड्यातले जिवाणू बदललेले होते. मग पिल्लांना स्वच्छ पाण्यात हलवलं. दोन आठवड्यांनी वस्ती पुन्हा साध्या माशांसारखी झाली होती.

म्हणजे निसर्ग सावरतो, असं म्हणून काही जण पुस्तक मिटतात. मी मिटणार नाही. त्या पिल्लांना दोन आठवडे स्वच्छ पाणी मिळालं ते कुणीतरी टाकी बदलली म्हणून. नाल्यातल्या माशाची टाकी कोण बदलणार? सकाळी सहाला न्हाण्या सुरू होतात, दुपारी भांडी, संध्याकाळी पुन्हा हातपाय. ट्रायक्लोसॅन पाण्यात फार काळ टिकत नाही, उन्हानेही ते फुटतं. पण रोज नवं येत राहिलं तर माशाच्या दृष्टीने ते कायमचंच झालं. मृगात पहिला मोठा पाऊस पडून पाणी वाहून जातं, चढणीचे मासे ओढ्यात येतात, तेव्हा पाणी पातळ होतं खरं. पण नाल्याला पाणी कमी आणि सांडपाणी तेवढंच असतं ते फाल्गुन ते वैशाख.

7. मुठेच्या तळाशी

इथवर एकाच रसायनाबद्दल बोललो. नाल्यात मात्र सगळं एकत्र असतं. दवाखान्यांचं पाणी आणि माणसाने घेतलेल्या प्रतिजैविकांचा लघवीवाटे बाहेर पडलेला भाग त्यात येतो. 2024 मध्ये बंदी येईपर्यंत डाळिंबाच्या तेल्या रोगावर फवारलं जायचं ते स्ट्रेप्टोसायक्लीन म्हणजे दोन प्रतिजैविकांची पूडच, तेही पाण्यात उतरायचं. मत्स्यतळ्यात खाद्यातून दिलेल्या ऑक्सिटेट्रासायक्लीन या प्रतिजैविकाचाही बराच भाग न पचता विष्ठेतून पाण्यात पडतो.

याचं टोक पाहायचं असेल तर हैदराबादजवळचं पाटनचेरू. तिथे औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात योकिम लार्सन यांच्या गटाला 2007 मध्ये सिप्रोफ्लोक्सॅसिन हे प्रतिजैविक सापडलं, लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतकं नसतं. त्यातून बाहेर पडलेल्या जिवाणूंना प्रतिजैविकाची काय भीती राहणार?

पण कारखाने नसले तरी नुसत्या शहरी मैल्यानेही असंच होतं, हे पुण्यात दिसलं. नचिकेत मराठे आणि लार्सन यांच्यासह एका गटाने मुठा नदीचा गाळ तपासून 2017 मध्ये निष्कर्ष छापले. शहराच्या वरच्या अंगाला, धरणाकडच्या गाळाशी तुलना केली तर शहरातल्या गाळात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं साधारण 30 पट होती. शेवटचा उपाय म्हणून डॉक्टर हाताशी ठेवतात, त्या औषधांना निकामी करणारी जनुकंही त्यांत होती.

माशाचं आतडं इथे मधला दुवा ठरतं. जिवाणूंची काही जनुकं मुख्य गुणसूत्रापासून वेगळ्या, सुट्या गोल धाग्यांवर असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. शेजारी-शेजारी खेटून राहणारे जिवाणू हे धागे एकमेकांना देतात, जात-कूळ न पाहता. वाहत्या पाण्यात जिवाणू विखुरलेले असतात, आतड्यात दाटीवाटीने, ओलसर आणि खाऊनपिऊन सुखी. ट्रायक्लोसॅन बाहेर फेकायला जिवाणू जे पंप वापरतात त्यांतले काही पंप प्रतिजैविकंही बाहेर फेकतात. तेव्हा साबणातल्या रसायनाने निवडून ठेवलेला जिवाणू दवाखान्यातल्या औषधालाही थोडाफार तयार झालेला असतो. आणि मासा एका जागी थांबत नाही, धार चढतो, बंधारा ओलांडतो, बगळ्याच्या चोचीतून दुसऱ्या तळ्यावर जातो.

8. मग साबण कोणता, आणि मासा खायचा का?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2016 मध्ये पाण्याने धुवायच्या घरगुती साबणांतून 19 जंतुनाशकांना मनाई केली. ट्रायक्लोसॅन आणि त्याचं भावंड ट्रायक्लोकार्बन त्यांत होते. कारण सांगितलं ते साधं होतं: साध्या साबण-पाण्यापेक्षा हे साबण अधिक गुणकारी आहेत आणि दीर्घकाळ वापरायला सुरक्षित आहेत, हे कंपन्यांनी दाखवलं नाही. साबण जंतूंना मारण्यापेक्षा कातडीवरून सोडवून धुऊन टाकतो आणि हात नीट चोळले तर तेवढ्याने भागतं. बेन्झाल्कोनियम क्लोराइड आणि क्लोरोझायलेनॉल या जंतुनाशकांवरचा निर्णय तेव्हा लांबणीवर पडला आणि ट्रायक्लोसॅनची जागा बऱ्याच ठिकाणी त्यांनी घेतली. करोनाच्या वर्षांत फरशी पुसण्यापासून हात धुण्यापर्यंत यांचा वापर किती वाढला हे आपण घरोघरी पाहिलंय. वेष्टनाच्या मागे, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत ही नावं असतात. दवाखान्यात जखम धुवायला ही जंतुनाशकं हवीतच. फरशीला रोज हवीत असं मला वाटत नाही.

राहिला मासा. नीट शिजवल्यावर जिवाणू मरतात, त्यामुळे ताटातल्या तुकडीतल्या जिवाणूंची भीती बाळगायचं कारण नाही. जोखीम असते ती कच्चा मासा हाताळताना. नाल्याच्या तोंडाशी धरलेला मासा टाळावा. तिथे फक्त जिवाणूंचाच प्रश्न नसतो, चरबीत साठणारी रसायनं आणि जड धातू शिजवून जात नाहीत. आतडं आणि पित्त न फोडता अख्खं काढावं, ती घाण ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला न टाकता खड्ड्यात पुरावी, कारण आपण आतापर्यंत ज्या वस्तीबद्दल बोललो ती सगळी त्यात आहे. ज्या विळीवर मासा कापला तिच्यावर धुतल्याशिवाय कोथिंबीर चिरू नये. आणि नंतर हात साध्या साबणाने धुवावेत, वीस सेकंद चोळून, नखांच्या कडाही.